खोडायला सर नाहीत

रविवार, संध्याकाळ

कॉम्प्युटर सायन्समधल्या पीएच.डी.ला निवड झाली. पेढे घेऊन सगळ्यांत पहिल्यांदा गणिताच्या सरांच्या घरी गेलतो. सर दिवाळीआधीच गेले, तरी दुसरं घर सुचेना.

बी.एस्सी.ला सिद्धतेत 'हे उघडच आहे' लिहिलं की सर लाल पेनानं खोडायचे. "कुणाला उघड? सिद्ध कर." त्या खोडण्यानंच इथवर आलो. प्रोग्रॅम नुसता चालला म्हणून अजून माझा विश्वास बसत नाही.

काकूंनी पेढा सरांच्या फोटोपुढं ठेवला. म्हणाल्या, "वरनं बघत्यात की रे. खूश असणार, उघडच हाय."

मी मान डोलावली. दुसरं काय करणार?

सरांनी हेही खोडलं असतं. मला हे सिद्ध करता येत नाही, सर. एकदा खोडायला तरी या.