पांढऱ्या रंगातली नीळ

कारभारणीस एका उघड्या डोळ्याचा नमस्कार,

मोतीबिंदू निघाला, नवी लेन्स बसली. डोळा बधिर करतात, नुसता उजेड दिसतो, दुखत नाही. आता महिनाभर थेंब घालायचे आणि डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही. तुझा गुडघा काय म्हणतोय?

आज पट्टी काढली. लेकीकडच्या या खोलीला मी हौसेने आपल्या घरातलाच पांढरा दिला होता. तो चक्क निळा आहे गं! मोतीबिंदूने सगळं पिवळट दिसायचं, म्हणून मी नीळ वाढवत गेलो. नीळ जास्त होतेय, हे तू तेव्हाच सांगितलं होतंस. मी मात्र चारचौघांत, "रंगाऱ्याला रंग शिकवतेस?" म्हणालो. तेच आता खुपतंय.

दुसऱ्या डोळ्याला भिंत अजून पांढरीच दिसते. त्याचंही ऑपरेशन होईपर्यंत तो माझीच बाजू घेणार.

तुझा,
अर्धा शहाणा रंगारी