गौलीगुडाचे बिनसहीचे निरोप

९ जून, सोमवार

नवा इंजिनिअर आला. मंदार. आमचे जुने मुख्य श्रीकांत सर, त्यांच्या ओळखीचा, सरांनीच शिफारस केली म्हणे. आताच्या मुख्य प्रियदर्शिनी मॅडम मीटिंगमध्ये म्हणाल्या, "तेजश्री, तुझी लायब्ररी हा सोपी करणार." माझी लायब्ररी! हा कोड दहा वर्षं मी सांभाळतेय. मला विचारलं कुणी?

काम तसं साधंच. पार्सलवाल्यांची कॉम्प्युटरं आम्हाला वेबवरून निरोप पाठवतात — पार्सल निघालं, पोचलं, परत आलं. लायब्ररी निरोप घेते, सोबतची गुप्त सही जुळते का बघते, मग पुढे सोडते. सही नाही तर निरोप बाहेर, कारण उद्या कुणीही उठून खोटा निरोप पाठवेल. आत्ता प्रत्येक पार्सलवाल्याची वाट वेगळी आहे. सतरा वाटा. मंदार म्हणतो, एकच दार करू, सगळ्यांना एकच नियम.

बोलायला गोड आहे. मराठीतून "ताई, तुमच्याकडूनच शिकायचंय" म्हणाला. असं बोलणाऱ्यांपासून मी चार हात लांब असते.

११ जून, बुधवार

आज विचारलंच त्याने. "ताई, या गौलीगुडाच्या पार्सलवाल्यांच्या निरोपांची सही आपण तपासत का नाही?"

तिसऱ्या दिवशी सापडलं याला! सहा वर्षं एकाने पाहिलं नाही. मी म्हटलं, "जुनं आहे, बघून सांगते." तो म्हणाला, "हौ ताई." इथलं बोलणंही उचललं लगेच. संध्याकाळी मॅडमच्या केबिनमध्ये बसला होता. मी काचेजवळून गेले तर लॅपटॉप मिटला.

१२ जून, गुरुवार

इथे तरी खरं लिहिते. सहा वर्षांपूर्वी गौलीगुडाचे हिम्मतराव स्वतः ऑफिसात आले होते. बस स्टँडमागे त्यांचं पार्सलचं दुकान. त्यांच्या जुन्या प्रोग्रॅमला सही करणं जमेना, आणि आम्ही निरोप घेत नव्हतो. माल अडकलेला. "अम्मा, आठ दिवस द्या, माणूस बोलावलाय," म्हणाले. घामाने शर्ट ओला झालेला. मी सरांना विचारलं. सर तेव्हा आमचे मुख्य. सरळ नाही म्हणाले. "एकाला सोडलंस की दार उघडंच राहतं."

तरी मी सोडलं. आठ दिवसांसाठी. हिम्मतरावांचा माणूस कधी आलाच नाही, आणि मीही पाठपुरावा केला नाही. दरवर्षी तपासणीचा फॉर्म येतो — सर्व निरोपांची सही तपासली जाते का? मी "होय" लिहून खाली नाव घालते. सहा वेळा घातलंय. हे उघडं पडलं तर नोकरी जाणार, नक्की. आणि नंतर कुठे जाऊ? खोटा फॉर्म भरणारीला कोण घेतंय?

१३ जून, शुक्रवार

आणि ती वही! सरांचा दंडक होता — नियमाला अपवाद केला की तो हाताने वहीत लिहायचा. का केला, कुणी हो म्हटलं, सगळं. "कुठल्याही भाषेत लिही, पण पेनाने लिही. लिहिताना लाज वाटली पाहिजे." मी नि सर दोघंच मराठी, त्यामुळे माझी पानं मराठीत. एकेचाळिसाव्या पानावर माझ्याच अक्षरात आहे: हिम्मतरावांची सही तपासत नाही. सरांना विचारलं, सर नाही म्हणाले. तरी केलं.

सरांच्या वहीत खोटं लिहवेना तेव्हा. त्याच महिन्यात सर निवृत्त झाले आणि वही कपाटात गेली. पान फाडता येत नाही, पानांना आकडे आहेत. आज म्हटलं वहीच घरी न्यावी.

कपाट उघडलं. वही नाही.

त्यानेच नेली. दुसरं कोण? ऑफिसात मराठी येणारा माझ्याखेरीज तो एकटाच.

१५ जून, रविवार

सरांचा फोन आला सिकंदराबादहून. "कसं चाललंय? काही अडचण असली तर सांग हो." सहा वर्षांत रविवारी कधी फोन नाही. महिन्यातून एकदा सल्लागार म्हणून ऑफिसात येतात, तेवढंच बोलणं. म्हणजे मंदारने वाचलं, सरांना सांगितलं, आणि आता सर माझा अंदाज घेतायत. मुद्दामच पाठवला असणार याला. "सगळं मस्त," म्हटलं नि फोन ठेवला.

अनिकेत म्हणाला, "कैकू इतकी परेशान? तुला हा तुझा नवराही चोर वाटेल एक दिवस." नल्लकुंट्यात भाजी आणायला गेले आणि कोथिंबीर दुकानातच विसरून आले.

१६ जून, सोमवार

मंदार काही बोलत नाही. हसतो, चहा आणून देतो. वाचलंय तर बोल ना बाबा! असा खेळवत का ठेवतोस?

१७ जून, मंगळवार

गुरुवारी मीटिंग. विषय — गौलीगुडा. मॅडमच्या पत्रात एवढंच. मंदारलाही बोलावलंय.

१९ जून, गुरुवार

मीटिंग झाली. जमेल तसं लिहिते.

वही टेबलावर होती. मंदार म्हणाला, "कोडात फक्त 'वही, पान ४१' एवढंच लिहिलंय, म्हणून मी कपाटातून काढून मॅडमकडे दिली. परवानगी असेल तर त्यात असेल." मॅडम म्हणाल्या, "मला छापील हिंदी येतं, हे अक्षर नाही लागत." मोबाईलने फोटो काढून भाषांतर करून पाहिलं होतं त्यांनी. माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, मोबाईलनेही हात टेकले. मग मंदारला म्हणाल्या, तू वाच.

तो ओशाळला. "मला येत नाही मॅडम. शाळा सगळी चेन्नईत झाली, तमिळ नि इंग्रजी. मराठी घरात फक्त बोलतो. एक अक्षर वाचता येत नाही."

मी त्याच्या तोंडाकडे बघतच राहिले. म्हणजे आठवडाभर वही याच्या हाताखालून गेली आणि याला काहीच ठाऊक नव्हतं.

"सरे, ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. "तेजश्री, तुझंच अक्षर ना? तू वाच."

मी पान उघडलं. बोट ठेवून वाचत गेले, एकेक वाक्य इंग्रजीत सांगत. हिम्मतरावांची सही तपासत नाही. सरांना विचारलं. इथवर खरं वाचलं. पुढे म्हटलं — सर हो म्हणाले.

एक शब्द बदलला, शेवटचे दोन गाळले. मॅडमनी लिहून घेतलं. मंदार म्हणाला, "बघा, परवानगी होतीच. मला वाटलंच, ताई असं परस्पर करणार नाहीत." बाथरूममध्ये जाऊन रडले. मला माझीच किळस आली.

२० जून, शुक्रवार

मॅडमनी माझ्यासमोरच सरांना फोन लावला, स्पीकरवर. "तेजश्रीने वही वाचून दाखवली. परवानगी तुम्ही दिली होती?"

सरांनी आधी विचारलं, "तिने स्वतः वाचली?" मग म्हणाले, "हो, मीच दिली होती. तिला काही बोलू नका."

नियम मोडायची परवानगी दिली म्हणून सोमवारपासून सर सल्लागार नाहीत.