टिटवीच्या पाठीवरचं इंजिन

प्रिय देवू,

परवा इरावतीमावशीचा फोन आला होता. बाबांच्या हाताची चौकशी झाली, प्लास्टर कधी निघणार ते विचारून झालं, आणि मग आवाज खाली आणून ती म्हणाली की बोट आतून एवढी सडली होती तर वसू, तू आधी बघायचं नाहीस का? देवू सांगत होता म्हणे, टिटवीकडे वर्षानुवर्षं कुणी लक्षच दिलं नव्हतं. मी फोन ठेवला. गॅसवर दूध होतं, ते उतू गेलं, शेगडीवर पसरलं, तरी मी तशीच उभी. मस्कतला बसून तू नातेवाइकांना हे सांगतोयस? टिटवीचं लाकूड सडलंय हे तुला कळलं कुणामुळे, देवू? मी सांगितलं म्हणून ना?

आठवतंय का बघ. दिवाळीनंतर तू आलास आणि दुसऱ्याच दिवशी माहुलच्या जेट्टीवर जाऊन उभा राहिलास. बाबांना पंचाहत्तरीची भेट द्यायची, टिटवीला असं पळवायचं की खाडीत कुणी तिला गाठता कामा नये, असं तुझं चाललं होतं. मी बोट ओहोटीला चिखलावर टेकवून घेतली आणि छोटी हातोडी घेऊन तिची पाठ ठोकून दाखवली. पाठ म्हणजे मागची भिंत, जिच्यावर इंजिन टांगलेलं असतं. वरून फायबर, आत प्लायवूड. चांगल्या ठिकाणी हातोडी टणटण वाजते. टिटवीच्या पाठीत डाव्या बाजूला ती भिजक्या पुठ्ठ्यावर मारल्यासारखी वाजत होती. तुझ्या हातात हातोडी देऊन मी तुलाही ठोकायला लावलं. तू दोनदा ठोकलीस आणि मोबाइलवर काहीतरी बघायला लागलास.

स्पीड वाढवायला माझा विरोध नव्हता रे. मानखुर्दच्या वर्कशॉपमध्ये मी दिवसभर दुसरं काय करते? तुला मी सगळं समजावून सांगितलं होतं. आधी पाठ उघडून नवं लाकूड घालू. फळ्यांखालचा फोम पाणी पिऊन जड झालाय, तो काढून टाकू, बोट हलकी होईल. जुन्या चाळीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाचे कार्ब्युरेटर साफ करू, पंखा बदलू, इंजिन दोन बोटं वर उचलून बसवू. एवढं केलं तरी टिटवी पूर्वी कधी पळाली नसेल तशी पळाली असती. तुला त्याहून जास्तच हवं असेल तर साठचं इंजिन घे म्हटलं. बोटीवर पितळेची पट्टी आहे, तिच्यावर साठपर्यंतच लिहिलंय. ज्याने ती बोट बांधली त्याने विचार करून लिहिलं असणार. तू म्हणालास, एवढा वेळ नाही, सुट्टी संपेल.

आणि एकशेपंधराचं इंजिन घेऊन आलास. टेम्पोतून उतरवताना आमच्या वर्कशॉपमधली सगळी पोरं गोळा झाली होती. चकचकीत काळं, झकास. मी ते बसवून देणार नाही म्हटल्यावर तू सगळ्यांसमोर हसलास आणि म्हणालास की आमची ताई मेकॅनिक आहे, पण घाबरट मेकॅनिक आहे. पोरंही हसली. त्यांच्यासमोर मला रोज उभं राहायचं असतं, देवू. मग तू दुसरा माणूस धरलास, त्याच्याकडून सडलेल्या लाकडावर आतून-बाहेरून अॅल्युमिनियमचा पत्रा लावून बोल्ट आवळून घेतलेस. केबलचं जुनं सुकाणूसुद्धा तसंच ठेवलंस. एवढ्या ताकदीच्या इंजिनाला ते आवरत नाही, हातातून हिसका देतं, हे मी तुला लिहून पाठवलं होतं. त्यावर तू हसण्याचं चित्र पाठवलंस.

बाबांना मी कितीदा सांगितलं की तुम्ही बसू नका. पण तू आलास की बाबा माझं ऐकत नाहीत, ही काही आजची गोष्ट नाही. आई होती तोवर ती तरी मध्ये पडायची. टिटवी हे नावही तिनेच ठेवलेलं, रविवारी पहाटे ती बोट खाडीभर कर्कश ओरडत जायची म्हणून. आई गेली, तू गेलास, आणि त्यानंतर दर रविवारी बाबांना चेंबूरहून माहुलला मी नेत आले. त्यांचा हात धरून बोटीत उतरवायचं, थर्मासमधला चहा द्यायचा, जेट्टीवरचा बोटवाला धाकू सुकाणू धरायचा, आणि आम्ही तिवरांच्या कडेकडेने रमतगमत फिरून यायचो. मला वाटायचं, बाबांना हेच आवडतं.

त्या सकाळी मी बोटीत चढले नाही. भरती होती, वारा बेताचा होता. पुढे बाबा, मागे तू आणि धाकू; निघताना सुकाणू धाकूच्या हातात होतं. इंजिन चालू झालं तेव्हा, खोटं कशाला सांगू, आवाज सुंदर होता. जेट्टीपासून निघून टिटवीने नाक उचललं आणि बघता बघता तिवरांच्या वळणाआड दिसेनाशी झाली. नुसता आवाज येत होता, चढत जाणारा. मग तो एकदम थांबला.

पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. पण बोट मी नंतर पाहिली, त्यामुळे काय झालं ते मला कळलं. वेग वाढला तशी ती एका कडेवरून दुसऱ्या कडेवर डुलायला लागली असणार. हलक्या बोटीवर अवजड इंजिन टांगलं की ती तशीच डुलते. अशा वेळी हळूहळू वेग कमी करायचा असतो. कुणीतरी घाबरून एकदम सुकाणू फिरवलं. पाठ डावीकडून फाटली, इंजिन तिरकं झालं, टिटवी जागच्या जागी फिरली आणि जाळ्यांच्या खांबांपाशी होडी लावून बसलेल्या धोंडूकाकांवर जाऊन आदळली. धाकूचा शेजारी, सत्तरीचा माणूस तो, सकाळची मासळी काढत होता. होडी उलटली. धाकूने उडी मारून त्यांना वर काढलं. त्यांच्या तीन बरगड्या मोडल्या, बाबांचं मनगट मोडलं. तुला खरचटलंसुद्धा नाही.

एका मच्छीमार बोटीने तुम्हाला ओढून आणलं. जेट्टीवर गर्दी झाली, सागरी पोलीस आले, आणि त्यांनी विचारायच्या आधी तूच सांगितलंस की बोट धाकू चालवत होता. धाकू खाली बघत होता. बाबा स्ट्रेचरवर होते, त्यांना विचारलं तर त्यांनीही मान हलवली. मी ते ऐकलं आणि मला ते खरं वाटलं. धाकूकडे लायसन्स आहे, तोच नेहमी चालवतो, मला शंका यायचं कारण काय? उलट मी हॉस्पिटलच्या दारात त्याच्यावर ओरडले. बाबा बोटीत असताना असं सुकाणू फिरवतात का, असं म्हणाले. तो ओल्या कपड्यांनी तसाच उभा राहिला. आणि तू शेजारी उभा राहून ऐकत होतास, देवू. तू माझ्या खांद्यावर हात ठेवून मला शांत केलंस. आता तो हात आठवला की अंगावर काटा येतो.

दोन दिवसांनी तू विमानात बसलास. धाकूचं लायसन्स निलंबित झालंय, त्याच्यावर केस आहे. आता फ्लेमिंगोंचा मोसम, लोक पक्षी बघायला येतात, त्याची स्वतःची बोट तिथेच बांधलेली आहे आणि तो जेट्टीवर बसून दुसऱ्यांची जाळी शिवतोय. गावातले लोक धोंडूकाकांच्या घरी जातात आणि धाकूच्या घरावरून न बोलता पुढे जातात. शेजारच्या माणसाला त्याने बोट घालून पाडलं, असं सगळ्यांना वाटतं.

गेल्या आठवड्यात सुगंधा घरी आली. धाकूची बायको आपल्याकडे मासळीशिवाय कधी आलेली मला आठवत नाही. त्या दिवशी रिकाम्या हाताने आली, सोफ्यावर बसली नाही, दारातच उभी राहून म्हणाली, “ताई, माझा नवरा सुकानाला नव्हता. तुमचा भाऊ होता. तो काय सांगनार नाय, म्हनून मी आले.” मग तिने सांगितलं की बोट किनाऱ्याला लागायच्या आधीच तू धाकूला गळ घातली होतीस. केस झाली तर माझा व्हिसा जाईल, नोकरी जाईल, तुझं तर लायसन्स आहे, तुला काही होणार नाही, मी सगळं निस्तरतो. आणि धाकूने बाबांकडे पाहिलं. बाबा काही बोलले नाहीत, म्हणून तो हो म्हणाला. त्यानंतर तू त्याला एक फोन केला नाहीस.

ती गेल्यावर मी बाबांच्या खोलीत गेले आणि टीव्ही बंद केला. मी काही विचारायच्या आधीच त्यांना कळलं असावं. त्यांनी प्लास्टरचा हात मांडीवर ओढून घेतला. मग म्हणाले, “तिवरांपलीकडे देवूने सुकाणू घेतलं. धाकू त्याला हळू घे, हळू घे म्हणत होता. आणि मी म्हणत होतो, अजून घे.”

मी त्यांच्यावरही ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा. एक गरीब माणूस तुमच्या तोंडाकडे बघून खोटं पत्करतो आणि तुम्ही गप्प बसता, लाज नाही वाटली का, असं मी माझ्या बापाला विचारलं. ते रडले नाहीत, चिडलेही नाहीत. फक्त म्हणाले की बोट फिरेपर्यंत फार मजा आली गं, टोपी उडाली, डोळ्यांतून पाणी यायला लागलं, असं वाटलं की आपण म्हातारे नाहीच. आणि हे तुला सांगताना मला ज्याचा सगळ्यात जास्त राग येतोय ते असं, की माझ्या इतक्या रविवारांत त्यांनी मला असं एकदाही म्हटलेलं नाही. तू एका सकाळी ते त्यांना दिलंस. आणि दुसऱ्याच क्षणी त्यांना खोटं बोलायला लावलंस.

हे सगळं मी तुला फोनवर ऐकवू शकले असते. जिभेवर आलेलं होतं. पण काल संध्याकाळी बाबांनी मला बोलावून सांगितलं की त्यांना पोलिसांकडे नवा जबाब द्यायचाय, मला सोमवारी घेऊन चल. आणि म्हणाले, “देवूला आधी कळवू नकोस. त्याचा आवाज ऐकला की मी परत खोटं बोलेन.” म्हणून पत्र. हे तुझ्या हातात पडेल तेव्हा सोमवार होऊन गेलेला असेल, बाबांनी सही केलेली असेल, आणि त्यांचा फोन तोवर माझ्या पर्समध्ये बंद करून ठेवलेला असेल. मला तुझी परवानगी नकोय आणि तुझी बाजूही ऐकायची नाहीये. फक्त एवढंच, की तुला पोलिसांकडून कळायच्या आधी माझ्याकडून कळावं, कारण अजून तरी मी तुझी बहीण आहे. तू येशील तेव्हा विमानतळावरून आधी माहुलला जा. सुगंधा दार उघडेल की नाही मला माहीत नाही, पण तू बाहेर उभा राहा. मग घरी ये. तुझ्यासाठी जेवण ठेवलेलं असेल, पण मी तुझ्याशी लगेच बोलेन असं समजू नकोस.

राग धरूनही तुझीच,
वसूताई