भोपूला रविवारपर्यंतची मुदत

३ मार्च, सोमवार

आज हद्द झाली. वकीलबाई कोटाच्या ट्रायलला आल्या होत्या. त्या हात वर करून उभ्या, मी काखेत टाचणी लावतेय — आणि टेबलाखाली भोपूने सोडला. आवाज नाही, नुसता वास. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी भोपूकडे पाहिलं. भोपूने स्वतःच्या शेपटीकडे पाहिलं. बाई टाचण्यांसकट बाहेर!

सासूबाई गुडघ्याच्या ऑपरेशनपासून इथेच, शिवणाच्या खोलीत झोपतात. म्हणाल्या, "रविवारी धाकटा येतोय. त्याच्याबरोबर पाठवून दे या कुत्र्याला. नाहीतर मी जाते." ह्यांनी पेपरात तोंड खुपसलं. आठ वर्षं सांभाळलंय त्याला. कसा पाठवू?

४ मार्च

प्राण्यांच्या डॉक्टरांकडे गेले. ते हसले नाहीत, बरं वाटलं. पोट दाबून पाहिलं, आजार नाही म्हणाले. "हा जेवतो की गिळतो?" गिळतो. तीन घासांत वाडगं साफ. अन्नाबरोबर हवाही पोटात जाते म्हणे. तेव्हा पसरट भांड्यात, थोडं थोडं, तीनदा द्यायचं. रोज चालवायचं. दूध आणि वरचं खाणं बंद. "आणि तोंडात जाईल ते लिहून ठेवा."

मापांच्या वहीतच लिहितेय. वर वकीलबाईंची कंबर, खाली भोपूचं जेवण.

५ मार्च

केकच्या पसरट भांड्यात जेवला. दहा मिनिटं लागली. मी त्याचं काही लुबाडल्यासारखा बघत होता. दुपारभर खोली स्वच्छ. संध्याकाळी सातला — पुन्हा.

६ मार्च

सातला पुन्हा. वहीत सगळं काटेकोर आहे, म्हणजे कुणीतरी चोरून घालतंय. ह्यांना विचारलं. "मी? मी माझंच ताट वाचवतोय त्याच्यापासून." चोराच्या मनात चांदणं असतं, म्हणून तोंड निरखून पाहिलं. काही दिसलं नाही.

७ मार्च, शुक्रवार

सापडलं! भोपूच्या मिशांना साय. सासूबाईंच्या कॉटखाली त्यांचा पेला, चाटून लख्ख. हाडांसाठी त्यांना डॉक्टरांनी सांगितलेलं रोजचं सहाचं दूध! मी इमानेइतबारे नेऊन द्यायची आणि त्या ते भोपूला पाजायच्या. काखेत कळसा नि गावाला वळसा.

"आई, दुधानेच तर होतंय त्याला."

"एवढ्याशाने काय होतंय, वाटलं मला," म्हणाल्या. मान खाली.

मी रागावले. जरा जास्तच. दुसरा पेला आणला, संपेपर्यंत समोर उभी राहिले. बिचाऱ्या प्यायल्या.

८ मार्च

भोपू ठणठणीत. वकीलबाई कोट घेऊन गेल्या, जाताना त्याला थोपटलंही. सासूबाईंना सहाचं दूध समोर बसून दिलं. रात्री जेवल्या नाहीत, पोट भरलंय म्हणाल्या. उद्याचं काय, हे विचारायचा मला धीर झाला नाही. त्याची चादर, पट्टा, केकचं भांडं बांधून दाराशी ठेवलंय. टाके घालताना दोनदा सुई बोटात गेली.

९ मार्च, रविवार

दीर सकाळीच आले. ते आणि हे भोपूला घेऊन चक्कर मारायला गेले. शिवणाच्या खोलीत मी आणि सासूबाई, दोघीच. आणि वास! तोच!

सासूबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "त्याचं सामान आत घे. मला दूध सोसत नाही गं, लहानपणापासून. सांगायची लाज वाटली."