माठ भरलेला होता, आबा

आबा,

वडिलांना पत्र लिहिताना वर ‘तीर्थरूप’ लिहायची पद्धत आहे, ती तुम्हीच शिकवलीत. आज मुद्दाम लिहिलं नाही. पद्धतींचा मला वीट आलाय.

तुम्हाला जाऊन अडीच महिने होत आले. इतके दिवस मी रडले, पण रागावले नव्हते. रागवायला सवड कुठे होती? आठवा महिना, नववा महिना, मग बाळंतपण, मग दूध उतरत नाही म्हणून सासूबाईंची खसखशीची खीर. खिडक्यांना काचा नाहीत, मोरीला दार नाही, अशा घरात सव्वा महिना काढला. काल आई आली आणि मला सवड मिळाली.

दादा तिला दारापर्यंत सोडून गेला. नव्या घरात ती पहिल्यांदाच येत होती. तिच्या मोकळ्या कपाळाकडे माझ्याच्यानं बघवेना, म्हणून मी पोरीला तिच्या मांडीवर दिलं. तिनं पोरीचे पाय पाहिले, कान पाहिले, नाक तुमचं आहे म्हणाली. आणि मग अगदी सहज म्हणाली, “सुमन, पानी दे वं माय.”

मी फुलपात्र भरून दिलं. तिनं ते घटाघटा संपवलं आणि आणखी एक मागितलं. नातवंड झालं, नियम संपला. इतकं सोपं होतं ते? रिकामं फुलपात्र हातात घेऊन मी उभी राहिले आणि मला तुमचा असा राग आला, आबा, की तुम्ही समोर असतात तर काय बोलले असते कोण जाणे. समोर नाही आहात, म्हणून लिहिते आहे.

लेक दिली की तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, तिला मूल होईपर्यंत. तुमच्या वडिलांनी पाळलं, त्यांच्या वडिलांनी पाळलं. त्यांचं काय गेलं पाळायला? त्यांच्या लेकींची पोरं लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत रांगत होती. मला सात वर्षं लागली. सात वर्षं तुम्ही माझ्या घरी कोरड्या तोंडानं आलात आणि कोरड्या तोंडानं गेलात.

आठवतं, जुन्या जळगावात आमच्या भाड्याच्या दोन खोल्या होत्या? दर दोन महिन्यांनी तुम्ही भडगावच्या गाडीनं यायचात. पिशवीत दादर ज्वारी, आईनं केलेले बिबड्याचे पापड, कधी केळी. खुर्चीवर बसायचात, गावाकडचं सगळं सांगायचात, आणि मग “येतू” म्हणून उठून शेजारच्या अक्कांच्या दारात उभे राहायचात. “अक्का, पानी द्या जरासं.” अक्का तुम्हाला पाणी द्यायच्या आणि तुम्ही गेलात की माझ्या पोटाकडे बघून विचारायच्या, “अजून काहीच नाही का गं?”

माझी कूस उजवली नाही, हे गल्लीला सांगायला तुम्ही दर दोन महिन्यांनी भडगावहून येत होतात. तुमच्या मनात तसं नव्हतं, मला माहीत आहे. पण होत होतं तेच. गल्लीतल्या बायका विसरायच्या, सासूबाईसुद्धा विसरायच्या, एखाद्या दिवशी मीही विसरायचे, आणि तुम्ही पाणी प्यायला शेजारी जायचात.

तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले होते आणि राहिले नाहीत. तुम्ही धावत आलात. मी भिंतीकडे तोंड करून पडले होते. तुम्ही माझ्या डोक्यावरून हात फिरवलात. आणि त्यानंतरही पाणी प्यायला तुम्ही अक्कांकडेच गेलात. त्या दिवशी माझ्या हातचं घोटभर पाणी घेतलं असतंत, तर मला किती बरं वाटलं असतं, हे तुम्हाला कधी सुचलंच नाही का? द्यायला यायचात, घ्यायचं मात्र काही नाही. देण्याघेण्यातलं नुसतं देणं आपल्याकडे ठेवलं की माणूस मोठा दिसतो, आबा. समोरचं मात्र लहान होतं.

मग लग्नाच्या सातव्या वर्षी पुन्हा दिवस राहिले आणि त्याच सुमाराला आमचं हे घर उभं राहिलं. गावाबाहेर, कालपरवापर्यंत जिथे कपाशी होती तिथे. चहूकडे हद्दीचे दगड, मध्ये आमच्या दोन खोल्या आणि पलीकडे एक अर्धवट बांधलेलं घर, त्यात माणूस नाही. पोटुशी बाईनं बिऱ्हाड हलवू नये, असं सासूबाई म्हणत होत्या. बाळानं आपल्या घरात यावं, असा तुमच्या जावयांचा हट्ट होता. आम्ही हलवलं. काही बिघडलं नाही, हे तुम्हाला मुद्दाम सांगते.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरीणबाईंनी एसटीत पाऊल ठेवायचं नाही म्हणून बजावलं. मी येऊ शकत नाही, तर माझ्यासाठी बाळंतिणीची बाज घेऊन तुम्हीच आलात. चार खूर पायांचे, चार गाते आडव्या दांड्यांचे आणि सुतळीची भलीमोठी गुंडाळी. एसटीच्या टपावर टाकून आणलीत. स्टँडवरून रिक्षा का केली नाहीत? एका खांद्यावर गाते, हातात खूर, आणि मे महिन्यातली दुपारची बारा वाजताची वेळ. दार उघडलं तेव्हा तुमचा सदरा पाठीला चिकटला होता आणि तुम्ही हसत होतात.

मी पहिल्यांदा पाणीच पुढे केलं. नव्या घरासाठी नवा माठ घेतला होता, वाळा घातला होता.

“नको माय,” तुम्ही म्हणालात. “आते एक महिनाच ऱ्हायना शे.”

तुम्ही बाहेरच्या खोलीत गाते खुरांत ठोकून बसवलेत आणि विणायला बसलात. वरचा स्लॅब नुसता तापलेला. पंखा आतल्या खोलीत एकच. मी म्हटलं, आत बसून विणा. तर म्हणालात, तू पड, सुतळीचा फुफाटा तुला नको. मी आत पडून तुमच्या दोरी ओढण्याचा आवाज ऐकत होते. अर्ध्या तासानं पुन्हा पाणी घेऊन आले. पुन्हा नाही. शेजार नव्हता ना इथे, आबा. जुन्या घरी अक्का होत्या म्हणून तुमचा नियम चालला. इथे तुम्ही जायचं कुठे?

विणता विणता तुम्ही माठाकडे बघत होतात. मी पाहिलं. दोनदा पाहिलं.

तिसऱ्यांदा पेला घेऊन गेले तेव्हा तुम्ही म्हणालात, “सात वरीस पाळं, आते एक महिनासाठे कसाले मोडू?”

रागावले की मी अहिराणी सोडून पुस्तकातलं बोलते, म्हणून तुम्ही मला हसायचात. त्या दिवशी पुस्तकातलंच बोलले. “मग नका पिऊ,” मी म्हटलं. “मूल झाल्यावरही मागू नका. मी देणार नाही.” पेला तिथेच ठेवला आणि आत जाऊन पंख्याखाली पडले.

 बाहेरून दोरी ओढायचा आवाज येत राहिला. चारच्या सुमाराला तुम्ही आतल्या खोलीच्या दारात आलात, म्हणालात, “बाज व्हई गई. येतू माय.” मी डोळे मिटून पडले होते. जागी होते, आबा. झोपल्याचं सोंग केलं. तुम्हाला ते कळलं होतं का? तुम्ही जरा वेळ उभे राहिलात, मग फाटकाची कडी वाजली.

उठून बाहेर आले तर बाज विणून तयार होती आणि पेला तसाच भरलेला होता.

पुढचं मला दादानं सांगितलं. पाचोऱ्याला गाडी बदलताना तुम्ही कंडक्टरकडे पाणी मागितलंत. स्टँडवरच्या एका रसवाल्यानं पेलाभर आणून दिलं, तुम्ही दोन घोट घेतलेत आणि बाकावर आडवे झालात. परत उठला नाहीत. ऊन लागलं, असं सगळे म्हणाले. ऊन काय, खानदेशातल्या माणसाला जन्मापासून लागत आलेलं असतं. एका परक्या माणसाकडे तुम्ही मागून पाणी घेतलंत. माझ्याकडे माठ भरलेला होता.

मला तुमचं तोंड पाहू दिलं नाही. पोटुशीनं प्रेत पाहू नये म्हणतात. दादा, काका, सासूबाई, सगळे एका सुरात. तुमचे जावई एकटे गेले. मी तुम्ही विणलेल्या बाजेवर बसून राहिले. नंतर त्याच बाजेवर महिनाभर पोरीला कुशीत घेऊन झोपले. घट्ट विणलीत, कुठे एक दोरी सैल नाही. पाठीला बरं वाटायचं आणि त्याचाच राग यायचा.

काल आईचं पाणी पिऊन झाल्यावर मी तिला म्हटलं, “तूही सात वर्षं माझ्याकडे अशीच तहानलेली बसायचीस.” 

“मी काय येडी शे का?” म्हणाली. “मोरीमा हात धुता धुता ओंजळभर पी लेत व्हतू.”

मला खरंच वाटेना. “आबांना ठाऊक होतं?”

“त्यास्ले बठ्ठं ठाऊक व्हतं. एक डाव माले म्हने, पदर वला शे, पुसी ले.”

पदर ओला झालाय, पुसून घे. तुम्ही म्हणालात हे! रागावला नाहीत, तिला अडवलं नाहीत, उलट लोकांना दिसू नये म्हणून पदर पुसायला सांगितलंत. म्हणजे तहान लागते हे तुम्हाला कळत होतं. नियम मोडला तर काही होत नाही, हेही कळत होतं. मग मोरी काय आईपुरतीच होती? त्या दिवशी मी आत पडले होते, घरात दुसरं कुणी नव्हतं, माठ तुमच्यापासून चार पावलांवर होता. एक ओंजळ घेतली असतीत तर मी काय गावात दवंडी पिटणार होते?

की मी ‘देणार नाही’ म्हटलं, म्हणून घेतलं नाहीत? हे एक मला सांगा. बाकी काही सांगू नका. माझ्या बोलण्याचं वाईट वाटून तुम्ही तसेच गेलात, की बोलले नसते तरी तसेच गेला असतात? आई म्हणते, तुम्ही कुणाच्या बोलण्यानं बदलणारे नव्हतात. ती माझी समजूत घालते आहे, हे मला कळतं. मी माझ्यावरही रागावलेच आहे, आबा. पण माझ्यावरचा राग मी रोज काढते. तुमच्यावरचा काढायला तुम्ही जागाच ठेवली नाहीत.

मला लेक झाली आहे. तिचं लग्न होईल, तिचं घर होईल. मी तिच्याकडे जाईन तेव्हा पायातल्या चपला काढायच्या आधी पाणी मागेन, तिला मूल असो नसो. आणि ती माझ्यासारखी तापट निघाली, देत नाही म्हणाली, तर स्वतः उठून घेईन. इतकं साधं आहे ते.

रात्री जेवताना मी आईला सांगितलं, येत्या आखाजीला आबांच्या नावाची घागर मी भरणार. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी वारलेल्या माणसाच्या नावानं पाण्याची घागर भरतात, ती भरायची मुलानं. आईचा घास हातातच राहिला.

“लेक भरत नई, माय. तुना भाऊ भरी.”

“दादा भरेल त्याची. मी माझी भरीन.”

“लोके काय म्हंतीन?” मग आवाज खाली आणून, “मंग गुपचूप भर.”

तिनं आयुष्यभर जे केलं तेच मला सुचवलं. मी नाही म्हटलं. तिला जमलं ते मला जमायचं नाही, मला तुमच्यासारखंच उघड्यावर सगळं करायची खोड आहे.

तेव्हा ऐका, वचन देते. तोवर इथे आणखी दोनचार घरं झाली असतील, शेजार आला असेल. त्यांच्यादेखत मी घागर भरीन, बाहेरच्या खोलीत, दार सताड उघडं ठेवून. पाणी माझ्या घरचं असेल. तुमचं नाव मोठ्यानं घेईन. आता नको म्हणून दाखवा.

तुमचीच,
सुमन