डाव्या हाताचा चोक

४ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

इकडे सगळं ठीक, असं लिहायची सवय आहे म्हणून लिहिलं. ठीक काही नाही. अर्धांगवायू झाल्यापासून बाबांचा डावा हात मांडीवर पडून असतो आणि ते त्याच्याकडे परक्याकडे बघावं तसं बघतात. व्यायाम करून घ्यायला बाई येते. तिने दिलेला रबरी चेंडू त्यांनी खिडकीतून भिरकावला, तोही उजव्या हाताने. निम्म्या गावाला गाडी चालवायला शिकवलेल्या माणसाने असले पोरखेळ करायचे का, असं म्हणाले.

त्यात त्यांच्या गाडीनेही मान टाकली. गार इंजिन सुरूच होत नाही. मिस्त्री म्हणतो, कार्ब्युरेटरचा ऑटोमॅटिक चोक गेलाय, आतली स्प्रिंग आता मिळत नाही. तू जुन्या गाड्यांचा डॉक्टर म्हणवतोस ना, मग सांग उपाय.

माया आहेच, पत्रांचा आळस तेवढा सोड.
तुझी ताई

१५ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. ऑटोमॅटिकचा नाद सोड. हाताने ओढायचा चोक पाठवतोय, एक तार आणि एक काळी मूठ. मूठ ओढली की कार्ब्युरेटरमधलं हवेचं झाकण मिटतं आणि गार इंजिन पेट घेतं. तापलं की मूठ आत ढकलायची.

मूठ स्टिअरिंगच्या डावीकडे बसवून घे. डावीकडेच! बाबा चेंडू दाबणार नाहीत, पण गाडीसाठी बोटं हलवतील. मिस्त्री शहाणपणा करायला लागला तर त्याच्या डोक्यावर उभी राहा, ते काम तुला शिकवायला नको.

रागावतेस तशीच माया करत राहा.
तुझा धाकटा

१० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं औषध लागू पडलं आणि तेच जिवावर उठलं. बाबा रोज सकाळी दाढी करून गाडीत जाऊन बसतात. उजव्या हाताने डावी बोटं मुठीभोवती वळवतात आणि ओढतात. मूठ तसूभर हलत नाही. उजव्या हाताने ओढायची नाही, मला हात लावू द्यायचा नाही. घामाने शर्ट भिजला की घरात येऊन भिंतीकडे तोंड करून पडतात.

परवा म्हणाले, ज्या दिवशी ही मूठ बाहेर येईल त्या दिवशी मी बरा झालो असं समज. नाही आली तर काय, हे विचारायची माझी छाती झाली नाही. मला बघवत नाही रे. मूठ उजवीकडे घेऊ का? लवकर कळव.

तुझी ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मूठ हलवू नकोस. नवी तार कडकच असते, तेल सोडून घे. एवढ्यात हरलीस तर बाबा कोणाच्या जोरावर ओढणार? सुट्टी मिळाली की येतोच.

तोवर तुमच्या दोघांचा लोभ राहू दे.
धाकटा

५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तोवर मी करायचं ते करून बसले होते. कार्ब्युरेटरपाशी तार धरून ठेवणारा स्क्रू मी सैल केला. तार झाकणापासून सुटली, मूठ नुसतीच अलगद सरकायला लागली. सकाळी बाबांनी ओढली आणि ती बाहेर आली. त्यांचा चेहरा काय सांगू तुला! मला लहानपणच्या लाडाच्या नावाने हाक मारली.

मग चावी फिरवली. इंजिन नुसतं खोकलं. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच. एवढ्या आनंदात गाडीकडे कुठे लक्ष जाणार, असं मला वाटलं होतं. अरे, ते इंजिनं ऐकतच म्हातारे झाले! त्यांनी कान देऊन मूठ आतबाहेर केली आणि माझ्याकडे बघितलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून गाडीकडे फिरकले नाहीत. व्यायामाच्या बाईला दारातूनच परत पाठवतात. मी स्क्रू घट्ट केलाय, तसं सांगितलंही. नुसतं हं म्हणाले. तू निघून ये.

तुझी ताई

९ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

ताईला न सांगता लिहितोय, पाकीट शेजाऱ्यांकडून टाकून घेतो. तू आलास की तिला बोलशील, म्हणून आधीच सांगतो, बोलू नकोस. तिने केलं ते माझ्या सुखासाठी, आणि चावी फिरवेपर्यंत मी खरोखर सुखात होतो. गाडी घेऊन तुझ्याकडे यायचं, कोणत्या रस्त्याने यायचं, तेही ठरवून टाकलं होतं.

स्क्रू तिने घट्ट केलाय म्हणते. असेलही. पण यापुढे मूठ निघालीच, तर ती माझ्या हाताने निघाली की तिच्या मायेने, हे मला कधी कळायचं नाही. तिला हे सांगू कसं?

तू येऊन गाडी घेऊन जा. ताई बाजारात गेली की ने, तिच्या डोळ्यांदेखत नको.

माझ्यावरचा लोभही आता तिलाच दे.
बाबा