चाकावरचा हात

धार, ता. ६ फेब्रुवारी १९१३

चि. सौ. उमाबाईस गणोजीरावाचे अनेक आशीर्वाद. उपरी विशेष.

मी सुखरूप पोचलो, पण जीव सीतेच्या हातात अडकला आहे. फळ्या फार घट्ट तर बांधल्या नाहीत ना, बोटे थंड पडत नाहीत ना, ते रोज पाहावे. हळद-दूध देत जावे. सात वर्षांच्या मुलीचे हाड लवकर जुळते असे इथले वैद्य म्हणतात, तरी मला घास उतरत नाही.

दोन चांगले घोडे विकून मोटार घेऊ नका, असे मी जावईबापू जयसिंगरावांना आधीच म्हटले होते. घोड्याला पुढचा खड्डा स्वतः दिसतो. इथे पागेतही सर्वांचे हेच मत पडले. आमचा नालबंद विचारतो की ज्या वाहनाला भूक लागत नाही, त्याला धन्याची माया कशी लागणार.

हाटपिपल्याहून नृसिंहाचे दर्शन करून परतताना बैलगाडी आडवी आली आणि मोटार नाल्यात गेली, एवढेच झाले. मारुती मुंबईस गाडी हाकायला शिकून आला असला तरी वय लहान. जास्त काय लिहू. माया आहेच, ती असू द्यावी.

गणोजी


देवास, ता. ११ फेब्रुवारी

तीर्थरूप बाबासाहेब यांचे सेवेशी उमाचे कृ. शि. सा. न. वि. वि.

सीतेची सूज उतरली. बोटे हलतात, काळजी नसावी. आपण मोटारीला नावे ठेवता, पण त्या दिवशी सकाळपासून जरीचे पागोटे बांधून तिच्यात कोण जाऊन बसले होते, हे घरात सर्वांना ठाऊक आहे.

मारुती गडबडला असे आपण सांगितलेत, म्हणून यांनी त्याला कामावरून काढले. त्याने डोळ्यांवरचा धुळीचा चष्मा काढून ठेवला, मुजरा केला आणि गेला. महिनाअखेर मनावर गावी मेहुण्याकडे कपाशीच्या गाड्या हाकायला जाणार म्हणे.

दुसरे एक लिहायला संकोच वाटतो. मी मागे पडद्याआड होते, मला काही दिसले नाही. पण सीता हट्टाने सांगते की आजोबांनीच मारुतीच्या हातातले चाक ओढले. वडील माणसावर आळ घेते म्हणून मी तिला दुखत्या हातानिशी भिंतीकडे तोंड करून उभी केली. यांनी चार दिवस तिच्याशी बोलणे टाकले आहे. तरी ऐकत नाही. आपणच दोन ओळी लिहून तिला समज द्यावी, की खोटे बोलू नये. आपला आशीर्वाद आम्हां सर्वांवर असावा.

आपली उमा


धार, ता. १४ फेब्रुवारी

चि. सौ. उमाबाईस आशीर्वाद.

तुझे पत्र तीनदा वाचले. मी फार शिकलेला नाही, आडवळणाने लिहिता येत नाही. सीता खरे सांगते.

आपल्या घरात मुलाची पहिली स्वारी आजोबाच्या पुढ्यात, खोगिरावर बसून होते. तुझीही तशीच झाली. घोडे गेले आणि सीतेची राहून गेली, म्हणून मी तिला मोटारीत पुढे माझ्या मांडीवर घेतले. लेकराला मागे बाईसाहेबांजवळ बसवा, असे मारुतीने दोनदा विनवले. चाकराने शिकवू नये म्हणून मी त्याला गप्प केले.

बैल बुजले. गाडीवान भिया, भिया, अरे भावा, थांब म्हणून ओरडू लागला. मारुतीने मोटार आवरली होती, चाल पुष्कळ मंदावली होती. पण माझी चाळीस वर्षे लगाम खेचण्यात गेली. मी चाक दोन्ही हातांनी आपल्याकडे ओढले. दोन्ही हातांनी, उमा. म्हणजे सीतेला कोणी धरले नव्हते.

जयसिंगरावांनी विचारले तेव्हा एवढेच मनात आले, की पागेच्या जमादाराने मोटार नाल्यात घातली असे लोक म्हणतील. मारुती माझ्याकडे पाहत उभा होता. मी पागोटे झटकीत बसलो.

हे पत्र जयसिंगरावांस दाखवावे. मारुतीला मनावरला जाऊ देऊ नये. लोभ ठेवा असे लिहायला आज तोंड नाही.

गणोजी


देवास, ता. १९ फेब्रुवारी

ती. बाबासाहेबांस दंडवत.

पत्र यांना दिले. वाचून झाल्यावर हे पायीच मारुतीच्या घरी गेले. तो परत आला. त्याने मोटारीचा वाकलेला दिवा सरळ झाला का, एवढे विचारले.

यांनी सीतेला जवळ घेतले आणि माझे चुकले म्हणाले. ती म्हणाली की मी तर पहिल्याच दिवशी सांगितले होते, आणि भातुकलीकडे गेली.

चाक ओढले याचा मला राग नाही. लगामाची सवय एका दिवसात जात नाही. पण ती भिंतीकडे तोंड करून उभी होती तेव्हा आपले हळद-दुधाचे पत्र माझ्या हातात होते. ते मला विसरता येत नाही. आपण तूर्त देवासला येऊ नये असे यांचे म्हणणे पडले. मीही त्यांना अडवले नाही. प्रकृतीस जपावे.

उमा


धार, ता. २३ फेब्रुवारी

चि. सीताबाईस आजोबाचे आशीर्वाद.

तुला नुकती अक्षरे येऊ लागली आहेत म्हणून मोठी मोठी काढतो आहे.

चाक मी ओढले. तू खरे बोललीस. मी खोटे बोललो. तुला धरायचे सोडून मी भलतेच धरले.

मारुतीराव मोटार चांगली हाकतात. यापुढे ते सांगतील तिथेच बसत जा. आजोबाने पुढे बोलावले तरी जाऊ नको.

एखादे अक्षर अडले तर हे पत्र आईकडे नेऊ नको. मारुतीरावांकडे ने, आणि पहिल्यापासून सगळे मोठ्याने वाचून दाखवा म्हणून त्यांना सांग. त्यांना मी निराळे लिहायला बसलो होतो. दोन कागद फाडले. आपल्या घरात चाकराची माफी मागायची झाली तर वर मायना कोणता घालतात, ते मला कोणी शिकवले नाही.

तुझा आजोबा
गणोजी